आधीचं इंजेक्शन

(वरंगळजवळचा दवाखाना, ड्रेसिंगची खोली. डॉक्टर रघुनंदन, सुगुणा सिस्टर आणि ताडी काढणाऱ्या कोमरय्याची बायको लच्चव्वा.)

लच्चव्वा : हळद नाही, तेल नाही, पाण्याचा थेंब नाही! अकरा दिवस त्याच्या जखमेला मी बोट लावलं नाही, डॉक्टर.

डॉक्टर : मग पू काय आभाळातून पडला? घर स्वच्छ ठेवायचं नाही, आणि इथं येऊन गळा काढायचा.

सिस्टर : तिला बोलू नका, साहेब.

डॉक्टर : तुम्ही पट्टी बघा.

सिस्टर : पट्टीच बघून आले. हर्नियाला आतून जाळी लावलीय, तिच्यापर्यंत पू गेलाय. त्या दिवशीचं इंजेक्शन आठवतंय?

डॉक्टर : दिलंय. कागदावर वेळ आहे, पावणेनऊ.

सिस्टर : कागदावर! नऊला तुम्ही कापायला घेतलंत. मी म्हटलं, थांबा, इंजेक्शन राहिलंय. तुम्ही म्हणालात, नंतर बघू. दिलं तेव्हा टाके पडत होते. वेळ माझ्याकडून मागाहून लिहून घेतलीत.

लच्चव्वा : कसलं इंजेक्शन, सिस्टरम्मा?

सिस्टर : जखमेत जंतू वाढू नयेत म्हणून कापायच्या आधी देतात ते. नंतर देणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

डॉक्टर : या ऑपरेशनला कित्येक जण ते देतच नाहीत. आणि देऊनही एखाद्याला पू होतोच.

सिस्टर : होतो ना? मग तसं म्हणा! वेळेवर दिलं असतं तरी कदाचित झाला असता, देव जाणे. पण बाई घाणेरडी, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आणि वर सात दिवस जंतू मारायच्या गोळ्या कशाला दिल्यात? उशीर झाकायला?

डॉक्टर : आवाज खाली, सिस्टर.

सिस्टर : एकवीस वर्षं खालीच आहे. कागदावर खरी वेळ मी आज लिहिणार. सही माझी आहे.

लच्चव्वा : ते तुमचं तुम्ही बघा. तो ताडावर चढेल का, ते सांगा.

डॉक्टर : जखम उघडून धुवावी लागेल. जाळी वाचली तर चढेल, काही महिन्यांनी. नाही वाचली, तर ती काढावी लागेल. मग आत्ताच काही सांगता येत नाही.

लच्चव्वा : वॉर्डात तुम्ही मला घाणेरडी म्हणालात, तेव्हापासून तीन दिवस तो माझ्या हातचं जेवत नाही. म्हणतो, तूच मला सडवलंस, डॉक्टर खोटं कशाला बोलेल?

डॉक्टर : ...चला, अम्मा. मी सांगतो त्याला. इंजेक्शनला उशीर माझ्यामुळं झाला.

लच्चव्वा : मोठ्यानं सांगा, डॉक्टर. शेवटच्या खाटेपर्यंत जाऊ दे.