विश्वंभरपंतांनी लावलेलं स्वयंपाकघर

मंडळी, जरा पुढं सरका! पंख्याखालचे, जागे व्हा! देवाचं नाव घेण्याआधी एक प्रश्न विचारतो. घर मांडावं कुणाच्या सोयीनं? बघणाऱ्याच्या, की राबणाऱ्याच्या? — बायका हसल्या. पुरुष छताकडं बघतायत. म्हणजे प्रश्न बरोबर जागी लागला!

ऐका तर. एक होते विश्वंभरपंत देवळगावकर. गाव कुठलं ते विचारू नका, तिथं मला अजून कीर्तनाला बोलावतात! पंत नगर वाचनालयाचे ग्रंथपाल. सगळा जन्म पुस्तकं ओळीनं लावण्यात गेला. मग झाले निवृत्त. आता निवृत्त नवरा म्हणजे काय, हे मी सांगायला हवं? — बघा, त्या काकूंनी कपाळाला हातच लावला!

घरात ओळीनं लावायला उरलं काय? स्वयंपाकघर! पंतांची पत्नी सगुणाबाई दोन दिवस माहेरी गेली, आणि पंतांनी पदर खोचला. म्हणजे धोतर खोचलं. पाहतात तर काय! हिंगाची डबी चहाच्या डब्यावर. मोहरी कॉफीच्या बरणीत. साखर एका पोचे आलेल्या डब्यात, ओट्याच्या उजव्या हाताला. पंतांना भोवळच आली. "हे काय स्वयंपाकघर आहे? हा तर बाजार आहे!"

नवे कोरे स्टीलचे डबे आणले. सगळे एका मापाचे. प्रत्येकावर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात. आणि लावले कसे? वर्णमालेनं, मंडळी! ओवा पहिला, वरच्या फळीवर. हळद आणि हिंग पार खाली, जमिनीलगत. आता मला सांगा, फोडणी कधी वर्णमालेनं देतात का हो?

सगुणाबाई आली. दारातच थबकली. पंत म्हणाले, "बघ! डोळे मिटून सापडेल सगळं."

ती म्हणाली, "अहो, मला आधीही डोळे मिटूनच सापडत होतं."

"सवय होईल गं!"

हे वाक्य पुरुष नेहमी दुसऱ्याच्या सवयीबद्दलच बोलतो, बघा!

तिनं वाद घातला नाही, कारण दुसऱ्याच दिवशी घरात सत्यनारायण होता. आणि सगुणाबाईच्या हातचा प्रसादाचा शिरा म्हणजे पेठेत नाव! देवळाच्या उत्सवाचा शिरासुद्धा दरवर्षी तीच करायची. त्या माउलीनं जन्मात मिरवलं असेल तर तेवढंच एक.

पूजा सुरू झाली. रवा तुपात खमंग भाजला. दूध घातलं, केळी घातली. बाहेरून गुरुजी ओरडतायत, "प्रसाद आणा!" तिचा हात गेला उजवीकडं, जिथं इतकी वर्षं साखर होती तिथं. हाताला वाचता येत नाही, मंडळी! वर्णमालेनं तिथं आलं होतं मीठ. पडलं सव्वाच्या मापानं! शिरा साखरेनं सैल होतो, तो होईना. तिला वाटलं, रवाच जाडा असेल. चाखून बघायची सोय नाही, देवाआधी चाखायचं नसतं! वर झाकण, त्यावर तुळस, आणि गेला नैवेद्य.

देव काही बोलला नाही. त्याला सवय आहे, आमची भजनंसुद्धा ऐकतो तो!

पण माणसं? प्रसादाला नाही म्हणता येत नाही. थुंकता येत नाही. गुरुजींनी घास घेतला आणि डोळ्यांत पाणी. एक आजोबा म्हणाले, "काय भाव आहे गुरुजींचा!" मग आजोबांनी घास घेतला. त्यांचाही भाव दाटून आला! सगळी बैठक हात जोडून, आसवं गाळत मीठ गिळतेय.

शेजारच्या कावेरीकाकू हळूच म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, "वय झालं हो सगुणाबाईंचं. हात गेला. यंदा उत्सवाला दुसरं कुणी बघू या."

सगुणाबाईनं शिरा जिभेला लावला. मान वर केली. आणि पंतांकडं नुसतं बघितलं.

पंतांना सगळं कळलं. एक वाक्य बोलायचं होतं, "डबे मी हलवले." बोलले? छे! कलशाकडं बघत राहिले, जसा काही तोच उत्तर देणार आहे! डबे हलवले तो गुन्हा लहान, मंडळी. गप्प बसले तो मोठा. मला तर चीड येते त्या माणसाची, अजून येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई जपमाळ घेऊन झोपाळ्यावर. "ज्यानं मांडलं, त्यानं रांधावं."

पंत रुबाबात आत गेले. पोहे करायचे ठरले. तेल तापलं. मोहरी? मधल्या फळीवर. धावले. हिंग? जमिनीलगत. बसले. गुडघा वाजला. उठेस्तोवर मोहरी कोळसा! हळदीला पुन्हा बसले. कढीपत्ता वर्णमालेत घ्यायचाच राहून गेला होता! बाहेरून आवाज, "सापडतंय ना डोळे मिटून?"

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी पंत डबा घेऊन झोपाळ्यासमोर उभे. आवाज एकदम खाली. "अगं... तेल तापलं की तुझा हात आधी कुठं जातो?"

"विचारायला इतकी वर्षं लागली?" ती म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले. उठली. ती सांगत गेली, ते ठेवत गेले. फोडणीचं सगळं शेगडीजवळ. रोजचं हाताशी. सणावाराचं वरच्या फळीवर.

पण गेलेलं नाव? ते कुठल्या फळीवरून काढणार?

तर पंतांनी स्वतः शिरा केला. कसा? खाली करपलेला, वर कच्चा, मध्ये गुठळ्या. वाट्या भरल्या आणि निघाले घरोघरी. पहिलं दार कावेरीकाकूंचं. काकूंनी चमचा तोंडात घातला आणि किंचाळल्या, "अगं बाई! हा काही सगुणाबाईंच्या हातचा नाही!"

पंत म्हणाले, "हेच ऐकायला आलो होतो. हा माझा हात. पूजेच्या शिऱ्यातलं मीठही माझंच, डबे मी हलवले होते. तेव्हा गप्प बसलो, ते मात्र क्षमा करण्यासारखं नाही."

काकू ओशाळल्या. "मग उत्सवाला..."

"ते तिला विचारा. ती झोपाळ्यावर आहे."

पेठेतल्या प्रत्येक दारात हेच बोलले, मंडळी. प्रत्येक दारात तोच करपलेला शिरा आणि तीच शोभा! आणि उत्सवाचं आमंत्रण द्यायला कावेरीकाकू स्वतः चालत आल्या.

आता तुमच्याकडं वळतो. सुटलो म्हणू नका! आरतीची वेळ झाली. तबक पुरुषांच्या हाती द्यायची इथली रीत आहे. ठीक. पण आज ज्याला आपल्या घरातलं हिंग कुठं असतं ते ठाऊक आहे, त्यानंच पुढं येऊन तबक घ्यावं.

या की! ... अहो, या ना! ... पेटीवाले, तुम्ही कुठं निघालात?

बरं. मघाशी कपाळाला हात लावणाऱ्या माउली, तुम्हीच घ्या ते तबक.