खेळाडूला कुठली शाल

नाही ओ मृणालिनीताई, ती खाली ठेवा, ती डॉक्टरांची शाल आहे. अहो, तुम्ही डॉक्टर आहातच, कोण नाही म्हणतंय, पण ज्याचा सत्कार करायचाय तो डॉक्टर असला तर ती. नऊ वर्षं झाली शिकागोत या डेव्हन रस्त्यावर दुकान घालून, आपल्या मराठी मंडळाचा एक सत्कार माझ्या शालीशिवाय झालेला नाही, मला विचारा की. हा वरचा कप्पा बघा — पश्मिना — हृदयाचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर. त्याच्या खाली चांगली लोकर — बाकीचे डॉक्टर आणि पीएच.डी. झालेले. दातांचे? दातांचे डॉक्टर इंजिनियरांबरोबर, लुधियानाची मिलची शाल. मी नाही ठरवलं, तुमच्या कमिटीनंच ठरवलंय, मी आपले कप्पे केले. आणि हा सगळ्यात खालचा, अक्रिलिक — नाटकात पडदा ओढणारे, गणपतीत दोनशे माणसांचा भात शिजवणारे — मशीनमध्ये धुता येते, वाईट काही नाही. तर तुमचा सत्कारमूर्ती कोण?

खेळाडू? असं होय. क्रिकेट असेल तर वर चला. दोन वर्षांपूर्वी, त्र्याऐंशीला, वर्ल्ड कप आणल्यापासून क्रिकेटवाल्यांना लोकर, मग तो गल्लीत का खेळला असेना. क्रिकेट नाही? टेनिस? टेनिस म्हणजे पण मोटारवाले लोक — तेही नाही? कबड्डी म्हणू नका, कबड्डी थेट खाली. काय? रग्बी! आपल्या मंडळात? कोण ओ? नाव सांगायचं नाही? सरप्राइज? बरं, नका सांगू, पण एवढं सांगा — कुठली रग्बी? हसू नका ताई, दोन असतात. एकात पंधरा गडी, ती युनियन. एकात तेरा, ती लीग. मला ठाऊक नसणार तर कुणाला? अकरा वर्षं काढली मी यॉर्कशायरमध्ये. इचलकरंजीचं सूत सोडून गोऱ्यांच्या लोकरीच्या गिरणीत लागलो, त्रेसष्ट साली, बायको, सरला, तिथं हॉस्पिटलात नर्स, मग तिच्याच नोकरीवर आम्ही इकडं आलो — ते असू दे. लीग? लीग म्हणालात? नक्की?

मग ऐका. युनियन म्हणजे वकिलाची, डॉक्टरची पोरं. शनिवारी खेळायची, चिखल लागला तर घरी धुवायला बाई. आणि आमच्या उत्तरेकडच्या खाणीतली, गिरणीतली माणसं — त्यांना शनिवारी कामावर जायचं असायचं. खेळायला गेलं की खाडा. ते म्हणाले, आमचा बुडाला तेवढा रोज तरी द्या. तर लंडनचे साहेब म्हणाले, छे छे, खेळाचे पैसे घेतो तो कसला सज्जन! झालं, भांडण, हे गेले वेगळे, त्यांची लीग. ही गोष्ट राणीच्या खापरपणजीच्या काळातली, पण अजून आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं चालू आहे. युनियनवाल्यानं नाक फोडलं तर खेळाचं स्पिरिट, लीगवाल्यानं फोडलं तर दंगल.

आणि तुम्हाला वाटतं शालींचे कप्पे फक्त तुमच्या कमिटीकडे? अहो, राणीकडं पण आहेत! आमच्या गावच्या लीग टीमचा कॅप्टन हॅरल्ड — खाणकामगार, मान अशी, माझ्या मांडीएवढी — एकोणसत्तर साली त्याला राणीचं मेडल जाहीर झालं. गल्लीतल्या पोरांना वीस वर्षं फुकट खेळ शिकवला म्हणून. त्याच यादीत युनियन क्लबचा सेक्रेटरी, वकील, त्यानं जन्मात बॉलला हात लावला नव्हता, छत्री धरून उभा राहायचा. हॅरल्डच्या बायकोनं राणीला भेटायचं म्हणून टोपी घेतली, निळी, वर हे एवढं पीस. आणि मग पत्र आलं. वकिलाचं मेडल वरच्या दर्जाचं, त्याला राजवाडा. हॅरल्डचं कामगारांसाठी असतं ते खालचं, त्याला आपल्याच गावचा टाउन हॉल. राणीच्या वतीनं जिल्ह्याचा कोणी तलवारवाला साहेब आला, त्यानं दिलं. पण बाई टोपी घालूनच आली बरं का. पहिल्या रांगेत बसली. मागच्या चार माणसांना पीस सोडून काही दिसलं नाही.

म्हणून म्हणतो, लीगवाला असेल तर ही अक्रिलिक न्या. राणीनं जे केलं ते मंडळानं केलं तर कोण नावं ठेवणार? घालतो पिशवीत. पण खरं सांगू ताई? राग आला मला. अख्ख्या शिकागोत लीगशी संबंध आलेला मराठी माणूस एकच, तो तुमच्यासमोर उभा आहे, आणि तुम्ही दुसराच कोणीतरी शोधून आणलात. सगळ्यांच्या सत्काराच्या शाली घड्या करून मीच देतो, आणि सत्कार होतो तेव्हा मी मागं उभा, कारण पार्किंग मिळालेलं नसतं. असो. कोण आहे तो, नीट चौकशी केलीत ना? हल्ली कोणीपण काहीपण सांगतं.

मी? मी कुठल्या पोझिशनला? म्हणजे — असं आहे — टचलाइनच्या जवळ. जवळ म्हणजे — मैदानाच्या बाहेरच्या बाजूनं. अहो, सगळे आतच कसे असतील, बाहेर पण माणूस लागतो! बादली घेऊन. बादली आणि स्पंज. गडी पडला की पळत जायचं, गार पाण्याचा स्पंज मारायचा. गुडघा असो, नाक असो, सासूबरोबर भांडण असो, औषध तेच. खेळलो पण आहे! एकदा. एक जण बहिणीच्या लग्नाला गेला होता तर अकरा मिनिटं मी आत होतो. बॉल आला माझ्याकडे, मी घाबरून जो जवळ दिसला त्याच्या हातात दिला — तो समोरच्या टीमचा होता. तेवढ्यात लग्नाचा माणूस आला, देवासारखा. कुणाला सांगू नका हं हे.

फोटो? हा, काउंटरच्या मागचा. हो, माझ्या कोटावर मेडल आहे. ते हॅरल्डचं. टाउन हॉलमधून बाहेर आला, माझ्या छातीवर लावलं, म्हणाला, बॉल — मला बॉल म्हणायचा, बाळ त्याला जमेना — म्हणाला, तूच घाल रे, फोटोत तू बरा दिसतोस. गंमत केली त्यानं. मागच्या पिकनिकला तुमच्या कमिटीतल्या त्या शैलेंद्रनं विचारलं, काका, हे मेडल कसलं? मी म्हणालो, राणीचं. खोटं काय त्यात? राणीचंच होतं. तो म्हणाला, रग्बीचं? मी म्हणालो, होय की. मग त्यानं मला भजी आणून दिली, ती खाऊ का पुढचं सांगत बसू?

ताई, चेहरा का असा झाला तुमचा? पाणी देऊ? काय हे, सत्काराची पत्रिका? बघू — माझा चष्मा — तुम्हीच वाचा. ‘राणीच्या हस्ते पदक मिळवणारे रग्बीपटू’ — बरं — ‘श्री. बाळ मगदूम —’

परत वाचा.

छापलं? किती? दोनशे! पोस्टात टाकल्या? नाही ना? अहो, मग सांगा, बाळकाकांना कांजिण्या झाल्या. इंडियाला गेले म्हणून सांगा. मी खरंच जातो इंडियाला! नाहीतर हॅरल्डला बोलावू — नाही, तो विमानाच्या सीटमध्ये मावणार नाही. अरे देवा. सरलाला ठाऊक आहे का हे? तिनं नवीन साडी काढली कालच, मी म्हटलं कशाला, तर नुसती हसली. आता तिला काय सांगू? नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणाला मला पुढं बसवावं असं वाटलं, आणि मी माझ्याच तोंडानं — लोक गप्प बसून मोठे होतात, आणि मी बोलून बोलून माझा सत्कार घालवला.

करा कॅन्सल. दुसरं काय? बादलीवाल्याला कोण शाल घालतं? पण एक सांगतो — त्या तेरा जणांचं रक्त पुसलंय मी, अकरा हिवाळे, हात असे निळे पडायचे. हॅरल्डचा खांदा निखळला तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात मी बसलो होतो, वकील नाही. पण ते पत्रिकेवर कसं छापणार? तुमची कमिटी विचारेल, कुठल्या कप्प्यातला? बघा, पिशवी उचललीत निघायला. बरोबर आहे. मी पण असतो तर निघालोच —

काय? पट्टी? दोनशे पत्रिकांवर कागदाची पट्टी चिकटवणार? काय लिहून? ‘बादलीवाले’? असंच? ताई, चेष्टा नका करू या वयात. कमिटीला काय सांगाल? अहो, ती पिशवी कशाला उघडता? इथं नको, काचेतून लोक बघताहेत — ती नको, ती खालच्या कप्प्यातली — नारळ नाही, फुलं नाही, आणि तुम्ही — बरं, वाकतो, वाकतो —

…

मऊ आहे की. नऊ वर्षं विकतोय, अंगावर कधी कुणी घातली नव्हती.

जा आता तुम्ही, मृणालिनीताई. गिऱ्हाईक यायची वेळ झाली, आणि मला काही दिसेना झालंय. जा म्हणतो ना.