चक्री

मामा : आधी बस. चहा सांगतो.

भाचा : चहा नंतर, मामा. माझा फोटोंचा रोल धुऊन झाला ना?

मामा : झाला. बायको काय म्हणतेय तुझी?

भाचा : सकाळी तुमच्याशीच फोनवर बोलत होती की. तुम्हाला साधी थाप मारता येत नाही. रोल कुठाय?

मामा : हा घे. उजेडात धर.

भाचा : कोरा आहे.

मामा : कडेचे आकडे तेवढे उमटलेत. म्हणजे धुण्यात चूक नाही. कॅमेऱ्यात रोलचं टोकच नीट अडकलं नव्हतं. रोल आपला डबीत बसून राहिला आणि तू बाहेर बटण दाबत फिरलास.

भाचा : तरीच! छत्तीसच्या पुढे आणखी दोन निघाले. म्हटलं, मामांनी भाच्याला जास्तीचे दिले.

मामा : हसतोस काय? इथे मी तासभर घाम पुसतोय. सूनबाई म्हणाली, पंधरा वर्षांनी रविवारी घरात ह्यांची शीळ ऐकली, काही कमीजास्त असलं तर सांभाळून सांगा. हे सांभाळून कसं सांगायचं?

भाचा : तेव्हाचा रोलही असाच होता. असाच साफ.

मामा : तो विषय नको.

भाचा : पंधरा वर्षं नकोच म्हणत आलोय. त्या लग्नात नवरीचे वडील आजारपणातून उठून आले होते. खुर्चीत बसून लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मी टिपला, आणि रोल फिरलाच नव्हता. महिन्याभरात ते गेले. ती पोरगी इथेच, तुमच्या स्टुडिओत, या टेबलापाशी उभी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "एक तरी असेल ना?"

मामा : मलाच बोलावं लागलं तिच्याशी. तू आत अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला होतास.

भाचा : आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा माळ्यावर. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायला लागलो. शिक्का वाकडा पडला म्हणून कोणाचा बाप हरवत नाही.

मामा : मग आता परत चूक झालीच कशी? किती वेळा शिकवलं तुला. रोल पुढे ओढला की कॅमेऱ्यावरची डावीकडची चक्री फिरली पाहिजे. नाही फिरली तर झाकण उघड.

भाचा : जिन्यात ऊन आलं होतं. चौथ्या पायरीवरून सरकायला लागलं. म्हटलं जाईल आता. त्या घाईत चक्रीकडे बघायचंच राहिलं. मामा, एक सांगा. आज कोणाचं काय गेलं?

मामा : तुझे फोटो गेले.

भाचा : माझेच ना? कोणी दारात येऊन उभं राहणार नाही. काल रात्रभर मला ह्याच चुकीची धास्ती होती. ती झाली, आणि बघा, मी बसलोय तुमच्यासमोर. इतकं हलकं वाटतंय, काय सांगू.

मामा : पण अख्खा रविवार फुकट गेला तुझा.

भाचा : कुठे फुकट? पहिला जिन्यातला. दुसरा शेजारच्या आजोबांच्या चपला, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. सहावा बायको केस पुसताना, "खबरदार काढलास तर" म्हणताना. सातवा, खबरदारनंतरचा. तेविसावा...

मामा : थांब, थांब. सगळे पाठ आहेत तुला?

भाचा : सगळे. लग्नांतले मला एक सोडून एकही आठवत नाहीत. तेव्हा पुढचं काम डोक्यात असायचं. रविवारी नुसता बघत होतो.

मामा : मग? पुन्हा धंदा मांडतोस की काय?

भाचा : छे. कोणी पाया पडलं तरी नाही. शिक्केच मारीन, आणि रविवारी हे. एक रोल द्या.

मामा : आण कॅमेरा. मी भरून देतो.

भाचा : नको. माझा मी भरतो.

(तो रोल भरतो, झाकण लावतो, रोल पुढे ओढतो आणि कॅमेरा डोळ्याला लावतो.)

भाचा : जरा खिडकीकडे वळा.

मामा : माझा? दाढीसुद्धा केलेली नाही. कोणाला हवाय माझा फोटो?

भाचा : कोणालाच नकोय. म्हणून तर काढतोय. हलू नका.

मामा : मी नाही हलत. चक्री हलली का ते सांग.

भाचा : हलली, मामा.