साप तिकडे, औषध इकडे

ॲमेझॉनकाठच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे झुल्मिरामावशी होत्या. गेल्या वर्षी त्यांना जराराका साप चावला, आणि होडीने इथवर पोचेपर्यंत उशीर होऊन एक पाय कापावा लागला.

“मावशी, पाय कसा आहे?” नर्सने विचारलं.

“उरलेला बरा आहे. सापाचं औषध आमच्या गावात कधी ठेवताय?”

“ते थंड ठेवावं लागतं.”

“फ्रीज आहे. मासे काढून ठेवू.”

“आणि टोचणार कोण?”

“मलेरियाचं रक्त तपासायला माझ्या सुनेला तुम्हीच शिकवलंत. हेही शिकवा.”

“त्यापेक्षा तुम्हीच इकडे राहायला या ना.”

“मी आले तरी साप तिकडेच राहणार. चावायला माझी नातवंडं आहेत.”

“डॉक्टरांना विचारते. वेळ लागेल.”

“लागू दे. औषध बरोबर घेतल्याशिवाय मी होडीत चढत नाही.”

मावशी तिथंच खाली बसल्या. मागोमाग आम्ही सगळे बसलो.