विचारा म्हणे पोरांना!

...आणि वर विचारा म्हणे पोरांना! अवो, आमच्या बापाने आम्हाला कधी काय विचारलं? शाळेत घातलं, कामाला लावलं, लग्न लावलं... विचारायची ती फक्त आये, "भात वाढू काय रं?" तेपण वाढून झाल्यावर! पण आता जमाना सुधारला ना! माझी पोरगी दिपिका, पेणला दुसरीत हाय. तिच्या शाळेत मीटिंग, आणि बाई गोड आवाजात, "पालकहो, मुलांच्या आयुष्यातले निर्णय मुलांना विचारून घ्या हं!" मी मान डोलावली. सगळेच डोलावतात.

तुम्हाला सांगतो, तेव्हाच माझी बदली झालेली रोह्याच्या कंपनीत. रोह्यात खोली बघून ठेवलेली, टेम्पो ठरलेला, तिकडच्या शाळेत नाव घातलेलं... आणि मग मी म्हटलं, चला, आता पोरीला विचारू! केवढं मोठं मन बापाचं! सगळ्यांना ओटीवर बसवलं. "दिपू, जायचं ना रोह्याला?" बायको, नमिता, मागून खुणावते, हो म्हण, हो म्हण! आणि पोरगी म्हणते काय?

"नाय."

नाय! आता नाय आलं तर काय करायचं, ते बाईंनी सांगितलंच नव्हतं!

"अगो, तिकडे नदी हाय, बाग हाय..."

"बाबा, माझ्या बाजूला प्रणाली बसते. तिला नीट बोलता येत नाय. ती काय बोलते ते मलाच कळतं, मग मी बाईंना सांगते. मी गेल्यावर कोण सांगेल?"

नमिताचं खुणावणं थांबलं. पोरगी माझ्याकडे बघत म्हणते, "मी नाय म्हटलं तरी टेम्पो येणारच हाय काय?"

आये सुपारी कातरता कातरता म्हणाली, "दे आता उत्तर! मोठा आला विचारणारा!"

विचारा म्हणे पोरांना!

तर काय... परीक्षा होईपर्यंत मुक्काम पेणलाच. टेम्पोवाल्याच्या शिव्या मी खाल्ल्या, आणि रोज गाडीने रोह्याला जातो मी. परवा डोळा लागला तो थेट रोह्याच्या पुढे कोलाडला उघडला! इकडे दिपिका वर्गातल्या पोरींना प्रणालीचं बोलणं शिकवतेय, बाईसुद्धा शिकतायत म्हणे... बरं वाटतं, नाय कशाला म्हणू!

पण सवय लागली ना तिला! काल जेवताना म्हणते, "आपल्याकडे बाळ येणार, ते मला का नाय विचारलं?" आता नमिताला सातवा लागलाय, काय सांगू? म्हटलं, बाय माझे, निदान नाव तू ठेव!

"मुलगी झाली तर परी."

"आणि मुलगा झाला तर?"

"तरी परी."

...आता काय, विचारलंय मीच!