वगळलेले सतरा गाळे

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत.

कुंदाच्या आई, जनार्दनभाऊ, संस्थेतले सहकारी, तिचे विद्यार्थी, आणि शिरवण्याहून आलेली तुम्ही सगळी मंडळी. कुंदाच्या या शोकसभेत मला पाच मिनिटं दिली आहेत आणि तिच्या संशोधनावर बोला असं सांगितलंय. एकतीस वर्षं वर्गात बोललो, कधी पाणी लागलं नाही. आज हा दुसरा ग्लास. सांभाळून घ्या.

मी कुंदाचा गाइड. पीएचडीचा मार्गदर्शक. आधी जे बोलले त्यांनी माझंही कौतुक केलं, असे गुरू लाभले वगैरे. मला ते ऐकवत नव्हतं. का ऐकवत नव्हतं, तेवढंच सांगणार आहे.

कुंदाचा विषय मॅनेजमेंटमधला. उद्योगांची परिसंस्था. इकोसिस्टीम म्हणतो आपण. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांना कुंदा जसं सांगायची तसं सांगतो. आपल्या इथल्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक मोठी कंपनी असते. तिच्या भोवती लहान लहान गाळे. कोणी तिला रबराचे सील करून देतो, कोणी लेथवर पार्ट काढतो, कोणी पार्टला प्लेटिंग करतो, म्हणजे धातूचा मुलामा चढवतो. एखादी नवी वस्तू निघते ती या सगळ्यांच्या हाताखालून जाऊन निघते. कोण कोणावर जगतो, कोण कोणाला शिकवतो, याचा हा अभ्यास. आम्ही प्राध्यापक तो मोठ्या कंपनीच्या केबिनमध्ये बसून करतो. एसी असतो. चहा येतो. कंपनी यादी देते, त्या यादीला प्रश्नावली पाठवायची. झाला अभ्यास.

कुंदा ती यादी घेऊन पायी फिरली. महिन्याभरानं माझ्याकडे आली आणि म्हणाली, सर, सतरा गाळ्यांची शटरं खाली आहेत. कंपनीनं काम दुसऱ्या राज्यात हलवलं, तसे हे एकेक करून बंद झाले. यांचं काय करायचं?

मी म्हटलं, नमुन्यातून काढून टाक.

ती हलली नाही. म्हणाली, "सर, कशानं पडलात हे पडलेल्यालाच विचारायला नको का?"

मी काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, "फॉर्म कोण भरणार? कुलूप?"

केबिनमध्ये आणखी दोघे होते, ते हसले. मीही हसलो. स्टाफरूममध्ये हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगितलं. मग लाल पेन घेतलं आणि तिच्या यादीवर लिहिलं, वगळा. पुढच्या नावासमोर, वगळा. त्याच्या पुढच्या, वगळा. सतरा वेळा. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तिनं यादीची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बरं सर म्हणून गेली.

प्रबंधाच्या शेवटी निष्कर्ष आहे, या पट्ट्यातली परिसंस्था निरोगी आहे. निरोगी! हजेरी घेताना न आलेल्या मुलांची नावंच पटावरून काढायची आणि म्हणायचं, आज सगळा वर्ग हजर. तसं झालं ते. परीक्षकांनी पाठ थोपटली, शाल मिळाली, याच हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मागच्या फ्लेक्सवरही तेच वाक्य छापलंय, बघा. खाली तिचं नाव आहे. वाक्य माझं आहे. तिनं तीनदा खोडलं होतं, मी तीनदा लिहायला लावलं.

डॉक्टरेट मिळाल्यावर लोक रविवारी झोपतात. ही दर रविवारी त्या सतरा गाळ्यांकडे जायची. शटर वाजवायची. बंद आहे हे ठाऊक असून वाजवायची. शेजारच्या गाळ्यातला माणूस सांगायचा, मॅडम, कोण नाय तिथं, कशाला टाइम घालवता? ती म्हणायची, माहितीये, एक मिनिट थांबते. घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट त्या शटरसमोर उभी राहायची. हे मला त्या शेजाऱ्यानंच सांगितलं. मग ती विचारत विचारत मालकाचं घर काढायची. कोणी खांदेश्वरला राहायला गेलेला, कोणी गावी. तिथं जाऊन तीन प्रश्न. तुम्हाला काम कोणाकडून यायचं? तुमचा फोन उचलणं सगळ्यात आधी कोणी बंद केलं? आणि शटर पाडल्यावर तुम्हाला भेटायला कोण आलं?

हे सगळं तिनं एका वहीत लिहिलं. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

मग आजार आला. तो तुम्ही पाहिलाय. केमोच्या दोन खेपांच्या मधे ती सानपाड्याला माझ्या घरी आली. डोक्याला स्कार्फ, जिना चढून धाप लागलेली. वही माझ्या हातात दिली. म्हणाली, सर, पुढचं संशोधन या बाजूनं व्हायला हवं, बंद पडलेल्यांकडून सुरू करून. तुम्ही वाचा, चुका सांगा, मग मी विद्यार्थ्यांना देते.

मी म्हटलं, बघतो.

वही टीपॉयवर ठेवली. तिच्यावर पेपर पडले, लाइटचं बिल पडलं. तिचा फोन आला, सर, वही? मी म्हटलं, बघतो ना, कसली घाई आहे तुला. रिटायर्ड माणूस मी. सकाळी फिरायचं, दुपारी झोपायचं. मला वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. खरं सांगू? मला माझी चूक वाचायची नव्हती.

परवा दहाव्याला शिरवण्याला गेलो. आईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सर, ती वही वाचली काय तुमी? पोर रोज इचारायची, सरांचा फोन आला काय म्हनून."

मी म्हटलं, हो, वाचली. छान आहे.

आई, मी खोटं बोललो. तुमच्या दारात, तुमच्या लेकीच्या दहाव्याला मी तुमच्याशी खोटं बोललो. मी वही उघडलीसुद्धा नव्हती. मला लाज वाटते. इथं सगळ्यांसमोर सांगतो, कारण खोटं बोलताना, तुम्ही खरं-खोटं कोणाला विचारायला जाणार नाही, हे मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन वाचली. पहिल्या पानावर पहिलं नाव, जनार्दन ठाकूर, रबराचे सील.

जनार्दनभाऊ, तुम्ही कुंदाचे सख्खे भाऊ. मी ज्यावर हसलो ते कुलूप तुमच्या गाळ्याचं होतं. ती माझ्या टेबलापुढे उभी होती आणि त्यातला एक गाळा भावाचा आहे हे तिनं सांगितलं नाही. तुमची शेती हे शहर वसवताना गेली, मग गाळा आला, मग तोही गेला. आज तुम्ही त्याच गल्लीतल्या गोदामाच्या गेटवर वॉचमनची ड्यूटी करता. माझ्या यादीत तुम्ही म्हणजे एक वगळा होतात. तिसऱ्या प्रश्नापुढे, भेटायला कोण आलं, तिथं तुमच्या नावावर एकच शब्द आहे. बहीण. बाकीच्या बहुतेकांपुढे लिहिलंय, कोणी नाही.

शेवटच्या पानावर पुढे काय शोधायचं ते तिनं लिहून ठेवलंय. गाळा बंद पडला की त्या माणसाच्या हातातली कला कुठे जाते? त्यानं बसवलेली युक्ती दुसरा कोणी वापरतो का, का ती त्याच्याबरोबर संपते? मोठ्याला कळायच्या आधी लहानाला काय कळलेलं असतं? अक्षर शेवटी शेवटी वाकडं होत गेलंय. हे प्रश्न ज्या विद्यार्थ्याला घ्यायचे असतील त्यानं सभेनंतर मला भेटावं. वहीची झेरॉक्स मी आणली आहे. मूळ वही आईंना परत देतोय.

आणि त्या पानाच्या तळाला अठरावं नाव आहे. माझं. म्हणजे 'सर' एवढंच. पुढे प्रश्न, वगळा असं लिहिताना यांच्यापैकी कोणाला भेटला होतात का? उत्तराची जागा कोरी आहे.

नाही, कुंदा. एकालाही नाही. त्या गल्लीत मी पाय ठेवला नव्हता. माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं.

काल गेलो. जनार्दनभाऊंच्या जुन्या गाळ्याचं शटर वाजवलं. मला एक मिनिट उभं राहवेना, अर्ध्यावरच मी वळलो. ती सतरा ठिकाणी उभी राहिली होती, शेवटच्या काही ठिकाणी तर तापात.

आता आपण उभे राहू या. प्रार्थना नको, डोळेही मिटू नका, ती मिटायची नाही. समोर एक बंद शटर आहे असं समजा. ते आता वर जाणार नाही हे तिला माहीत असायचं, आपल्यालाही माहीत आहे. तरी तिच्यासारखं घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट. मी मधेच बसलो तर मला कोणीतरी उठवा.