कौलावरून ऐकलेल्या कुमुदताई

न्हाई, बसत न्हाई मी, हितं दारातच बरीय — तू चालू दे तुझं. रविवारची सकाळ, सत्तावीस वर्सांचा बाप्या, हिंजवडीच्या कंपनीत इंजिनेर, आणि कॉम्प्युटरपुढं बसून डोळं पुसतोय — मला वाटलं, घरी परभणीला कुणाचं काय झालं का काय, म्हणून धावत जिना चढून आले, तर सायेब म्हणतात, चांगुणाताई, सीडी मिळाली, लहानपणीचा कार्यक्रम, 'करून बघू', कुमुदताईंचा. आणि त्यासाठी रडं? गेल्या म्हैन्यात तीन दिवस नळाला पाणी न्हवतं तवा इतकं तोंड पाडलं न्हवतंस, स्वानंद. काय म्हणं, आमचं बालपण किती सुंदर होतं. असंल बाबा. टीव्ही घरात होता, गादीवर लोळत बघत होतास, मग सुंदरच असणार.

मी? न्हाई, बघितला न्हाई मी. पाठ हाय मला. — त्यात काय डोळं मोठं करायचं? पाठ व्हायला बघायला कशाला लागतंय? सत्त्याऐंशी साली ह्या अंगाला टीव्ही एकच, नथूतात्यांचा, तात्या भोसरीला कारखान्यात होते. अँटेना कौलावर, बांबूला बांधलेली, तोंड सिंहगडाकडं, टीव्हीचा टावर तितं — आणि वारं असं की हातानं धरून ठेवली तर चित्र, सोडली की मुंग्या. म्हंजे दर रविवारी एक पोर वर पायजे. कोण चढणार? चांगुणा. का, तर म्हणं चांगुणा हलकी, तिच्यानं कौलं फुटत न्हाईत. आणि मला लई भारी वाटायचं रे. शनिवारी रात्री मी अर्धीच भाकर खायची, वजन वाढलं तर मान जाईल म्हणून. हस की, हसण्यासारखंच हाय ते.

एक कौल सरकवलेलं असायचं, त्यातनं खालची डोकी दिसायची, आणि टीव्ही दिसायचा — म्हंजे टीव्हीच्या वरचा विणलेला रुमाल दिसायचा. दोन वर्सं मी तो रुमाल बघितला. किती फुलं हायेत इचार, सांगते. कुमुदताई म्हणायच्या, चला मुलांनो, सगळ्यांनी गोल करून बसा — आणि सगळी बसायची गोल, मी आपली वर बांबूला मिठी मारून. सारजाबाई, तात्यांची बायको, वाईट न्हवती हं. मला पण लाडू द्यायची. शिडीवर चढून कौलावर ठेवायची आणि उतरायची, हातात न्हाई द्यायची, तेवढंच. आणि ती उषा, तात्यांची पुतणी — ती तर माझ्या निम्मी होती, वाऱ्यानं उडंल अशी. तिला कुणी वर चढवलं न्हाई. हलकेपणाचाच इषय असता तर — जाऊ दे. बुद्धवस्तीतली मी एकलीच यायची तितं. आईला ठाऊक होतं, म्हणून ती शनिवारी उरलेली अर्धी भाकर माझ्याच ताटात परत टाकायची. मला कळायला आठवीत जायला लागलं. हुशार होते ना.

पण मी पण कमी न्हवते. आता सांगतेच — कुमुदताई म्हणायच्या, 'आता बघा हं मुलांनो, काय होतंय' — की मी हात सोडायची. खाली मुंग्या. बोंबलायचे सगळे, चांगुणे, मुंग्या, चांगुणे! मी म्हणायची, वारं लई सुटलंय तात्या. मग धरायची, तोवर ताई म्हणत असायच्या, 'पाहिलंत?' कुणी पाहिलं न्हाई. दोन वर्सांत तात्यांच्या घरात एका पोरानं एका प्रयोगाचा शेवट बघितला न्हाई, लिहून घे. आणि मी नुसतं ऐकून काडेपेटीचा फोन केला, भोवरा केला, आरशाची दुर्बीण केली. एकच ऱ्हायलं. ताटात पाणी, मधी मेणबत्ती, वरनं काचेचा गिलास पालथा. आमच्यात काचेचा गिलास कुटला? जर्मनचा, म्हंजे अल्युमिनचा होता, तो पालथा घातला तर आतलं दिसंना. ते मातर जिवाला लागून ऱ्हायलं.

— काय? तेच हाय ह्याच्यात? — न्हाई, सांगू नको, काय होतंय ते सांगू नको. एकवीस वर्सं मी ते इचारलं न्हाई कुणाला. आज फडताळात बारा गिलास हायेत काचेचे, तरी करून न्हाई बघितलं, का ते मला ठाऊक न्हाई. आत येऊ? माझीच खोली, तुला भाड्यानं दिलेली, माझंच दार, आणि मीच उंबऱ्याबाहेर उभी — बघ की, सवय. सरक जरा.

ही व्हय कुमुदताई? मी हिला माझ्या आईचं तोंड दिलं होतं. असू दे. मेणबत्ती लावली — पाणी — गिलास घातला — गप, बोलू नको आता, म्हणतीय बघ — 'आता बघा हं मुलांनो' —

विझली. पाणी वर चढलं.

एवढंच? एवढंच होतं व्हय रे, जे त्यांनी आत बसून बघायचं आणि मी वर — न्हाई, परत लावू नको. बंद कर ते. बंद कर म्हणते ना.